बंद स्टेशनावर पुन्हा गाडी थांबवायची आहे? इमारत शेवटी, वेळापत्रक आधी

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण समितीनं आपलं निवेदन माझ्याकडे नजरेखालून घालायला पाठवलं. ३८ पानं होती. जुन्या दगडी इमारतीचे फोटो, छपराच्या लाकडी कलाकुसरीचं वर्णन, पहिली गाडी आली तेव्हाच्या आठवणी आणि शेवटी सह्यांचा गठ्ठा. वाचून झाल्यावर मी फोन केला आणि एकच विचारलं, ‘‘कुठली गाडी थांबवायची?’’ पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, ‘‘कुठलीही थांबवा हो, पण स्टेशन चालू करा.’’

‘कुठलीही’ नावाची गाडी रेल्वेत नसते. प्रत्येक गाडीला नंबर असतो, वेळ असते आणि पुढच्या स्टेशनात तिची वाट बघणारी दुसरी गाडी असते. स्टेशन मागणं म्हणजे त्या गाडीच्या वेळेतली दोन-तीन मिनिटं मागणं. एवढं पक्कं लक्षात ठेवलं तर पुढची बरीच पायपीट वाचते. म्हणून या लेखात इमारतीची डागडुजी शेवटाकडे येते. गाव वाढतंय, नवी घरं उठताहेत, रस्ते तुंबताहेत आणि शेजारून रूळ जाताहेत, अशा ठिकाणच्या लोकांसाठी हे लिहिलं आहे.

स्टेशन बंद का पडलं?

सुरुवात इतिहासापासून करायची, पण आठवणींसाठी नाही. ‘बंद स्टेशन’ या एका नावाखाली वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं.

सगळ्यात सोपं दुखणं म्हणजे गाड्या रोज समोरून जातात, फक्त थांबत नाहीत. स्कॉटलंडमधलं लॉरेन्सकर्क १९६७ साली बंद झालं आणि २००९ मध्ये उघडलं. त्याच देशातली रेस्टन आणि ईस्ट लिंटन ही स्टेशनं १९६४ ला बंद झाली आणि अनुक्रमे २०२२ व २०२३ मध्ये सुरू झाली. मधल्या सगळ्या काळात तिन्ही ठिकाणांहून गाड्या धावतच होत्या.

दुसरं दुखणं म्हणजे लाइन शिल्लक आहे, पण फक्त मालगाड्यांपुरती. इंग्लंडमधल्या ओकहॅम्प्टनची नियमित प्रवासी सेवा १९७२ ला बंद झाली, तरी पुढच्या दगडखाणीमुळे रूळ टिकले. त्या रुळांवरच २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रोजची प्रवासी गाडी परत आली. खाण नसती तर गोष्ट वेगळी झाली असती. तिसरं आणि सर्वांत महागडं दुखणं म्हणजे रूळच उचलून नेलेत. त्याबद्दल पुढे थोडक्यात.

बंद करतानाचा कागद मिळवाच. त्यात कारण लिहिलेलं असतं आणि ते कारण आज टिकतं का, हे तपासता येतं. ब्रिटनमध्ये १९६३ च्या मार्चमध्ये तिथल्या रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालानं २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. त्यासाठीची प्रवासी मोजणी १९६१ च्या एप्रिलमधल्या एकाच आठवड्यात झाली होती. ज्या गावांचा हंगाम भर उन्हाळ्यात, त्यांची मोजणी एप्रिलमध्ये! तुमच्या स्टेशनाच्या जुन्या फायलीत असं काही सापडलं, तर ते निवेदनाच्या पहिल्या पानावर घालण्याजोगं असतं.

कधी लोकांच्या तोंडचं कारण भलतंच असतं. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातलं बेगुनकोदर १९६० साली उघडलं आणि १९६७ मध्ये बंद पडलं. का, तर तिथं पांढऱ्या साडीतली बाई दिसते म्हणे. गाड्या मात्र चाळीस वर्षं पुढून जात राहिल्या. २००९ मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना ते पुन्हा उघडलं. भुताचा बंदोबस्त कुणी केला ते ठाऊक नाही, पण रूळ जागेवर होते आणि गाड्या चालू होत्या म्हणून हे जमलं, एवढं खरं.

याच टप्प्यावर जमिनीचीही चौकशी उरकून घ्या. फलाटाची जागा अजून रेल्वेच्या मालकीची आहे का, की विकली? इमारतीत कुणी राहतंय का? स्टेशनाकडे जाणारा रस्ता सार्वजनिक आहे की कुणाच्या शेतातून जातो? हे दोन वर्षांनी कळलं तर आधीची दोन वर्षं पाण्यात.

जागेवर जाऊन काय बघायचं

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. ओस पडलेल्या फलाटासमोरच्या रुळांवरून गाडी ताशी शंभरनं येते आणि वळणामागून येणाऱ्या गाडीचा आवाज उशिरा कळतो. शेजारचा पूल, फाटक किंवा सार्वजनिक रस्ता यांवरून बरंच दिसतं. उरलेलं नकाशा आणि उपग्रहाच्या छायाचित्रावरून मोजता येतं.

पहिली गोष्ट वळण. जुनी स्टेशनं बिनदिक्कत वळणावर बांधलेली असत. आज वळणावरच्या फलाटाला अभियंते नाराज असतात, कारण डबा सरळ आणि फलाट वाकडा, त्यामुळे दार आणि फलाट यांच्यात फट पडते. शिवाय गाडीची सगळी दारं एका नजरेत दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये नवा फलाट १,००० मीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणावर नसावा, असा दंडक आहे. दुसरी गोष्ट चढ. त्याच देशात नव्या फलाटाला ५०० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त चढ चालत नाही, तर भारतात स्टेशनाच्या आवारासाठी कमाल मर्यादा ४०० ला १ आहे. म्हणजे ‘जुन्या जागीच स्टेशन हवं’ हा हट्ट कधीकधी तुमच्याच मुळावर येतो. तीनशे मीटर अलीकडे सरळ, सपाट तुकडा असेल आणि नवी वस्तीही त्याच बाजूला वाढत असेल, तर जुनी जागा सोडा. भावना समजते, पण फलाट भावनेवर उभा राहत नाही.

मग लांबी. समोरून जाणाऱ्या गाड्या किती डब्यांच्या आहेत ते मोजा. चार डब्यांच्या गाडीला १०० मीटरच्या आसपास फलाट पुरतो. इंग्लंडमधलं सोहॅम १९६५ नंतर थेट २०२१ मध्ये उघडलं, ते ९९ मीटरच्या एकाच फलाटावर. जुना फलाट लांब असला तरी त्याची उंची आजच्या डब्यांशी जुळेलच असं नाही. ब्रिटनची प्रमाण उंची ९१५ मिलीमीटर, युरोपात ५५० आणि ७६०, भारतातल्या उंच फलाटांची ७६० ते ८४०. शंभर वर्षांपूर्वीचा फलाट यांतल्या कशातच बसत नाही आणि बहुतेक वेळा तो पाडून नवा बांधणंच स्वस्त पडतं.

शेवटी जवळचं फाटक आणि सिग्नल बघा. फलाटाला लागून फाटक असेल तर गाडी उभी असेपर्यंत फाटक बंद राहील का, हे विचारून ठेवा. दिवसातून चाळीस गाड्या आणि प्रत्येक वेळी चार मिनिटं फाटक बंद, असं झालं की ज्या गावासाठी स्टेशन मागितलं तेच गाव विरोधात उभं राहतं.

माणसं मोजा, सह्या नकोत

सह्यांचा अर्थ ‘स्टेशन झालं तर आवडेल’ एवढाच. मला तरी अजून असा माणूस भेटलेला नाही ज्याला स्टेशन आवडणार नाही. नियोजन करणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: कोण, कुठून, कुठं, किती वाजता आणि सध्या कशानं जातो.

घरोघरी विचारायचे प्रश्न पाच-सहाच ठेवा. घरातलं कोण रोज बाहेरगावी जातं? कुठल्या भागात? घरातून किती वाजता निघतो, परत किती वाजता पोचतो? सध्या स्वतःची मोटार, बस, दुचाकी की कुणाच्या मोटारीत वाटा? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: गेल्या आठवड्यात कुठला प्रवास करायचा होता, पण साधन नाही म्हणून केला नाही? शिकणारी मुलं, वाहन न चालवणारे म्हातारे, दवाखान्यात वारंवार जावं लागणारे, ही माणसं या प्रश्नाच्या उत्तरात सापडतात. रस्त्यावरच्या वाहनमोजणीत ती कधीच दिसत नाहीत.

नकाशावर तीन वर्तुळं काढा. चालत दहा मिनिटं म्हणजे साधारण ८०० मीटर, सायकलनं तीन किलोमीटर आणि त्यापलीकडे बस किंवा मोटारीनं येणारे. घरांची संख्या प्रत्येक वर्तुळात वेगळी मोजा. मग मंजूर झालेल्या, पण अजून न बांधलेल्या घरांची यादी स्थानिक प्रशासनाकडून घ्या. ‘गाव वाढतंय’ हे वाक्य कुणी ऐकत नाही, पण ‘पुढच्या सहा वर्षांत चालण्याच्या अंतरात इतकी घरं, परवानगीचे क्रमांक सोबत’ हे ऐकतात.

एक खड्डा सांभाळा. तुमच्या अपेक्षित प्रवाशांपैकी बरेच जण आजच शेजारच्या स्टेशनावर जाऊन गाडी पकडत असतील. ते रेल्वेला नवे प्रवासी नव्हेत, नुसते इकडचे तिकडे झाले. हा हिशेब तुम्ही स्वतःहून मांडला तर समोरच्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. तो त्यांनी काढला तर तुमचे सगळेच आकडे संशयात जातात.

अंदाज चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. जर्मनीतली शेनबुख लाइन १९६६ पासून प्रवाशांना बंद होती. स्थानिक जिल्ह्यांनी ती विकत घेऊन १९९६ मध्ये सुरू केली तेव्हा दिवसाला २,५०० प्रवाशांचा अंदाज होता आणि तो लवकरच मागे पडला. स्कॉटलंडमध्ये एडिनबरापासून निघणाऱ्या, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बॉर्डर्स रेल्वेवर गंमतच झाली. पार टोकाची ट्वीडबँक आणि गॅलाशील्स ही स्टेशनं अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली, तर एडिनबराच्या जवळची काही स्टेशनं सुरुवातीला मागे राहिली. जवळच्या लोकांना बस होतीच, लांबच्यांना काहीच नव्हतं. तुमच्या सर्वेक्षणात हा फरक शोधा. जिथं पर्याय वाईट, तिथं गाडी भरते.

दोन मिनिटांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. थांब्याची किंमत मिनिटांत काढायला शिका. गणित शाळेतलंच आहे.

ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला साधारण २८ मीटर जाते. थांबण्यासाठी तिनं दर सेकंदाला आपला वेग सेकंदाला अर्ध्या मीटरनं कमी केला तर ५६ सेकंद लागतात. न थांबता तेवढंच अंतर तिनं २८ सेकंदांत कापलं असतं. म्हणजे ब्रेकपायी २८ सेकंद गेले. सुटल्यावर पुन्हा वेग घ्यायला समजा ७० सेकंद लागले, तर त्यातले निम्मे, ३५ सेकंद तोट्यात. दारं उघडणं, माणसं उतरणं-चढणं, दारं लावणं यांचं एक मिनिट धरा. बेरीज १२३ सेकंद. दोन मिनिटं झाली. हीच गाडी इंजिनानं ओढलेली, लांब आणि वेग घ्यायला तीन मिनिटं लावणारी असेल, तर तोटा तीन मिनिटांवर जातो.

दोन मिनिटांनी काय बिघडतं? दुहेरी मार्गावर मागून जलद गाडी येत असेल तर ती अडते. एकेरी मार्गावर जास्त बिघडतं. समजा पुढच्या लूपवर, म्हणजे दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जोडरुळावर, समोरची गाडी तुमच्या गाडीची वाट बघत उभी आहे. तुमची दोन मिनिटं उशिरा पोचली, की समोरची दोन मिनिटं उशिरा सुटली. ती तिच्या पुढच्या क्रॉसिंगला उशीर करते, तो तिसऱ्या गाडीला लागतो आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण लाइनीचं वेळापत्रक लंगडतं. म्हणून अधिकारी ‘अशक्य’ म्हणतात तेव्हा ते दर वेळी टाळत असतात असं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे हा गुंता असतो.

तो गुंता सोडवायचे मार्ग असतात आणि तुम्ही ते आधी शोधून नेले पाहिजेत. शेवटच्या स्टेशनात गाडी परत फिरण्यापूर्वी किती वेळ उभी राहते? तिथं पंधरा मिनिटं असतील तर जाताना दोन आणि येताना दोन घेऊन अकरा उरतात, बहुधा पुरतात. वाटेत कुठं जुनी वेगमर्यादा आहे का, जी रूळ किंवा पूल दुरुस्त केल्यास उठेल? लवकर वेग घेणाऱ्या नव्या गाड्या या मार्गावर येणार आहेत का? प्रत्येक गाडी न थांबवता एक आड एक थांबवली तर? बॉर्डर्स रेल्वेवरचं स्टो हे छोटं गाव मूळ योजनेत नव्हतं, लोकांनी लावून धरल्यावर ते आत आलं आणि सुरुवातीला दिवसभरातल्या साधारण एक आड एक गाड्या तिथं थांबत. सगळ्या गाड्या मागून एकही न मिळण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं.

कुठली गाडी मागायची, तेही गणितानं ठरवा. गाडीत आधीच १२० माणसं बसली आहेत आणि तुमच्या थांब्यानं प्रत्येकाची दोन मिनिटं गेली: २४०. तुमच्याकडून १५ जण चढले आणि प्रत्येकाची वीस मिनिटं वाचली: ३००. जमलं. पण तीच जलद गाडी ४०० माणसं घेऊन जात असेल तर तोटा ८०० आणि फायदा तेवढाच ३००. या गाडीच्या मागे लागू नका, तिच्या मागून येणारी मंद गाडी धरा. खर्च आणि फायद्याच्या जाडजूड अहवालांचा गाभा हाच असतो, फक्त मिनिटांना तिथं पैशांची किंमत लावलेली असते.

वेळापत्रक चुकलं तर फलाट बांधूनही उपयोग होत नाही. इंग्लंडमधल्या कॉर्बीचं स्टेशन १९६६ ला बंद झालं, १९८७ ला उघडलं आणि १९९० मध्ये पुन्हा बंद पडलं. कारण गाडी होती ती फक्त शेजारच्या केटरिंग जंक्शनपर्यंत जाऊन येणारी, तिथं उतरून पुढची पकडायची. २००९ मध्ये तेच गाव पुन्हा जोडलं गेलं, या वेळी थेट लंडनच्या गाडीनं, आणि सेवा टिकली. लोकांना स्टेशन नको असतं, पोचायचं असतं.

पुन्हा सुरू झालेल्या स्टेशनांच्या तारखा बघा: लॉरेन्सकर्क १७ मे २००९, सोहॅम १३ डिसेंबर २०२१, ईस्ट लिंटन १३ डिसेंबर २०२३, उत्तर इंग्लंडमधलं अ‍ॅशिंग्टन १५ डिसेंबर २०२४. हा योगायोग नाही. ब्रिटनमध्ये वेळापत्रक मे आणि डिसेंबरमध्ये बदलतं आणि स्टेशन त्या दारातूनच आत येतं. तुमच्या रेल्वेचं वेळापत्रक कधी बदलतं आणि त्याची मागणी किती महिने आधी द्यावी लागते, ही तारीख समितीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

कागद, आणि पैसे कुणाचे

त्या ३८ पानी निवेदनाची आम्ही सहा पानं केली. पहिल्या पानावर एक तक्ता: कुठल्या गाड्या, सध्याच्या वेळा, थांबा धरून नव्या वेळा. दुसऱ्यावर वर्तुळांचा नकाशा. तिसऱ्यावर प्रवाशांचा अंदाज, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. चौथ्यावर जागेच्या अडचणी, न लपवता. पाचव्यावर पर्याय, म्हणजे स्टेशनाऐवजी चांगली बस दिली तर काय होईल, कारण हा प्रश्न विचारला जाणारच. इमारतीचा फोटो सहाव्या पानावर, छोटा.

यानंतर काम टप्प्यांनी जातं. आधी ‘हे करण्याजोगं आहे का’ असा कच्चा अहवाल, मग जागा आणि आराखड्याचे दोन-तीन पर्याय, मग एकाच पर्यायाचा तपशील आणि पक्का खर्च. दर टप्प्यावर कुणीतरी ‘पुढे जा’ म्हणावं लागतं आणि दर टप्प्याचा खर्च आधीच्यापेक्षा मोठा असतो. पहिल्या टप्प्याचा खर्च स्थानिक संस्थांनी उचलला तर फाइल हलते, असा अनुभव आहे.

बांधकामाचे पैसे कोण देतं, याच्या रीती देशागणिक वेगळ्या. जपानमध्ये ‘विनंतीवरून बांधलेलं स्टेशन’ असा प्रकारच आहे, त्यात मागणी करणारी नगरपालिका किंवा स्थानिक मंडळी खर्च उचलतात. जर्मनीत १९९६ पासून स्थानिक रेल्वेसेवेची जबाबदारी आणि निधी राज्यांकडे गेला आणि बऱ्याच बंद लाइनी त्यानंतर जाग्या झाल्या. नव्या घरांच्या बांधकाम व्यावसायिकांकडून वाटा घेण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे, पण तो वाटा परवानगी देतानाच लिहून घ्यावा लागतो. घरं विकून झाल्यावर कुणी फोन उचलत नाही.

एकाच सरकारी योजनेवर विसंबू नका. ब्रिटननं २०२० मध्ये बंद मार्ग उघडण्यासाठी ५० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. त्यातून ओकहॅम्प्टनचं काम ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी आणि अंदाजापेक्षा कमी पैशांत झालं. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारनं ती योजनाच बंद केली आणि रांगेतली गावं तशीच राहिली. ज्यांचे कागद पूर्ण होते त्यांना दुसरं दार ठोठावता आलं.

रेल्वेची एक भीती समजून घ्या. एकदा स्टेशन उघडलं की ते बंद करणं महाकठीण, म्हणून उघडायलाच नको. ब्रिटनमध्ये याच भीतीवर १९८१ साली तोडगा निघाला. खासदार टोनी स्पेलर यांच्या दुरुस्तीनं प्रायोगिक तत्त्वावर सेवा सुरू करायची आणि नाहीच चालली तर लांबलचक प्रक्रियेशिवाय मागे घ्यायची मुभा मिळाली. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी ‘तीन वर्षं प्रायोगिक थांबा, इतके प्रवासी नाही आले तर आम्हीच मागे घेऊ’ असं लिहून देता येतं. हे लिहायला धैर्य लागतं, पण समोरच्याचा आवाज लगेच मऊ होतो.

रूळच नसतील तर

मग तुम्ही स्टेशन नाही, रेल्वे मागताय. बॉर्डर्सचा मार्ग १९६९ च्या जानेवारीत बंद झाला, त्यावर घरं आणि रस्ते आले. १९९९ मध्ये लोकांची चळवळ उभी राहिली, २००६ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं कायदा केला आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ४८ किलोमीटरवर गाडी धावली. खर्च वाचवायला बहुतेक मार्ग एकेरी ठेवला, त्याची किंमत आज उशिराच्या रूपानं मोजावी लागते. एका गावाच्या समितीचं हे काम नव्हे, सगळ्या मार्गावरची गावं एकत्र यायला हवीत. एक गोष्ट मात्र आज, एकट्यानं करता येते: जुन्या मार्गावर नवं बांधकाम होऊ नये म्हणून विकास आराखड्यात तो पट्टा राखून ठेवायला लावा.

आता बांधकाम

इथवर आलात तर पुढचं बरंचसं ठेकेदार आणि अभियंते बघतात. तरी ‘किमान स्टेशन’ म्हणजे काय याची कल्पना असावी: एक फलाट, दिवे, आडोसा, बसायला जागा, वेळा सांगणारा फलक, कॅमेरा, चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार आणि रस्त्याकडे जाणारी वाट. तिकीट यंत्रावर, गाडीत किंवा कमिशनवर काम करणाऱ्या विक्रेत्याकडून मिळू शकतं.

हे किती लवकर होऊ शकतं? इंग्लंडच्या वर्किंग्टन गावात नोव्हेंबर २००९ च्या पुरात नदीवरचे पूल गेले आणि गावाचे दोन तुकडे झाले. रेल्वेचा पूल तेवढा शाबूत होता. आठवड्याभरात नदीपलीकडे तात्पुरतं स्टेशन उभं राहिलं आणि ३० नोव्हेंबरला गाडी थांबली. म्हणजे फलाट बांधायला वेळ लागत नाही, परवानग्यांना लागतो.

पैसा जातो तो पादचारी पुलावर. दोन फलाट असले की पूल, पूल आला की लिफ्ट किंवा लांबलचक उतार आणि तिथंच अर्धं अंदाजपत्रक संपतं. एकेरी मार्गावर एकच फलाट पुरतो, मग पूलच नको. पण पुढे दुसरा रूळ येणार असेल तर त्याची जागा मोकळी ठेवून बांधा. पुलाचा विषय हलका घेऊ नका. इंग्लंडमधल्या पिलनिंगचा पूल २०१६ मध्ये काढला, एक फलाट निकामी झाला आणि आता तिथं आठवड्याला दोनच गाड्या थांबतात, त्याही एकाच दिशेच्या.

जुन्या इमारतीला हात लावण्याआधी तज्ज्ञाकडून ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग आणि वाळवी तपासून घ्या. वटवाघळांची वसाहत असेल तर काही देशांत काम महिनोन्‌महिने थांबतं. इमारत आणि थांबा यांची कामं कागदावर वेगळी ठेवा, म्हणजे छप्पर गळतंय म्हणून गाडी अडणार नाही. अ‍ॅशिंग्टनच्या मार्गावर सहा नवी स्टेशनं ठरली होती, पण सगळी तयार होईपर्यंत न थांबता पहिल्या दिवशी त्यांतली दोनच उघडली. बाकीची नंतर येत गेली. तोवर गाडीची सवय लागलेली होती.

फलाटाबाहेरचे पहिले दोनशे मीटर विसरू नका. अंधारी, पदपथ नसलेली वाट असेल तर संध्याकाळच्या गाडीनं बायका येणार नाहीत, सकाळच्या गाडीनंही जाणार नाहीत, कारण परतीचं काय? इटलीतली मेरानो ते मालेस ही साठ किलोमीटरची लाइन १९९० मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये सुरू झाली. तिथं बसच्या वेळा गाडीला जुळवल्या, गाडी आली की बस उभी. बसवाल्यांशी बोलणी गाडी सुरू होण्याआधी वर्षभर सुरू करा. त्यांना स्टेशन म्हणजे गिऱ्हाईक पळवणारा वाटतो, तो समज दूर व्हायला वेळ लागतो.

गाडी थांबू लागल्यावर

उद्‌घाटनाच्या दिवशी गर्दी असतेच, ती मोजू नका. चौथ्या आठवड्यापासून मोजा. समितीतल्या दोघांनी आळीपाळीनं फलाटावर बसायचं आणि वहीत चार रकाने आखायचे: गाडी, किती चढले, किती उतरले, किती मिनिटं उशीर. रेल्वेच्या तिकीट आकड्यांत हे सगळं येत नाही. कुठल्याही जंक्शनचं तिकीट काढून तुमच्याकडे उतरलेला माणूस तिथं दिसत नाही, पास असलेला तर नाहीच. पाऊस, परीक्षा, सुट्टी यांची नोंद शेजारी करा. कुणी फलाटावर येऊन वेळ बघून परत गेला तर तेही लिहा, त्याला कुठली गाडी हवी होती ते विचारून.

सहा महिन्यांत वहीतून चित्र निघतं. सकाळच्या गाडीला तीस जण जातात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं अठराच परत येतात, तर उरलेले बारा कुठं गेले? बहुधा त्यांचं काम उशिरा सुटतं, शेवटची गाडी लवकर आहे आणि ते दुसऱ्या कशानं तरी घरी पोचताहेत. पुढच्या बदलात मागायची गाडी सापडली. वेळापत्रकाची मागणी द्यायची शेवटची तारीख भिंतीवर लावलेलीच आहे, वही घेऊन तिच्या पंधरा दिवस आधी जा.